वजन उतरलं, केस विरळ झाले : कारण शोधताना



गेली काही व्याख्यानं आपण 'कारण म्हणजे काय' या प्रश्नाभोवती फिरतो आहोत. आज हा प्रश्न जरा न्हाणीघरात आणि आरशासमोर नेऊ या. श्रोत्यांकडून सारखा एक प्रश्न येतो. 'सर, वर्षभर कष्ट घेऊन वजन कमी केलं. शुगर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले. आणि आता केस मूठमूठ हातात येताहेत. हे कशामुळे?' आता बघा, या प्रश्नात 'कशामुळे' हा शब्द आहे. म्हणजे प्रश्न थोडाफार माझ्या विषयातला आहे. मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानातला, औषध लिहून देणारा नव्हे. त्यामुळे वैद्यकात जे सर्वमान्य आहे तेवढंच सांगेन, आणि त्यावर विचार कसा करायचा ते आपण मिळून पाहू.

विषय किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. केस गळायला लागले की माणसं दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण घाबरून सगळंच सोडून देतात. चालणं बंद, पथ्य बंद, 'जाऊ दे, जाडी होते तीच बरी होते' असं म्हणून वर्षाची कमाई घालवून बसतात. मधुमेह असलेल्या माणसाला ही फार महाग पडणारी गोष्ट आहे. दुसरे तेलं, लेप, गोळ्या यांवर पैसे ओतत राहतात आणि शरीरात लोह तळाला गेलंय, थायरॉइड बिघडलंय, हे त्यांना कळतच नाही. दोन्हीकडे घोटाळा एकच आहे. कारण चुकीच्या जागी शोधलं जातं.

केसाचं वेळापत्रक

आधी केस वाढतो कसा ते समजून घेऊ. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस एका छोट्या खळग्यातून उगवतो, त्याला रोमकूप म्हणतात. हा रोमकूप शेतासारखा आहे. काही काळ पीक, मग काही काळ पडीक. वाढीचा काळ दोन ते सहा वर्षांचा. या काळात केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. मग दोन-तीन आठवडे आवराआवर. आणि मग सुमारे तीन महिने विश्रांती. विश्रांतीतला केस वाढत नाही, पण लगेच पडतही नाही. नुसता टेकून उभा असतो. तीन महिने झाले की तो गळतो, आणि खाली नवा केस तयार होत असतो.

आता थोडं गणित करू. कागद-पेन नको, तोंडीच होईल. एक लाखापैकी दहा टक्के केस कुठल्याही वेळी विश्रांतीत असतात. म्हणजे दहा हजार. ते सगळे सुमारे शंभर दिवसांत पडणार. दहा हजार भागिले शंभर, म्हणजे रोज शंभर. डॉक्टर सांगतात ना, रोज पन्नास ते शंभर केस गळणं नॉर्मल आहे, तो आकडा असा येतो. फणीला जी रोजची गुंतवळ निघते ती हीच.

आता समजा शरीराला मोठा धक्का बसला आणि दहाऐवजी तीस टक्के केस एकदम विश्रांतीत गेले. मग शंभर दिवसांत तीस हजार, म्हणजे रोज तीनशे. न्हाणीघराची मोरी तुंबते, उशीवर केस दिसतात, पोळीत केस सापडतो आणि घरात भांडण होतं. पण लक्षात घ्या, सत्तर हजार केस डोक्यावरच आहेत. आणि पडलेल्या तीस हजारांचे रोमकूप शाबूत आहेत. पीक गेलंय, शेत गेलेलं नाही.

या प्रकाराला टेलोजेन एफ्लुवियम असं नाव आहे. अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९६१ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. पण आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना नाव माहीत नसलं तरी गोष्ट माहीत होती. बाळंतिणीचे केस बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतात. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाचे केस दोन-तीन महिन्यांनी गळायचे. करोनानंतरही पुष्कळ जणांना हाच अनुभव आला. मोठं ऑपरेशन झालं की तेच. आणि झपाट्याने वजन उतरलं की तेच.

एक भीती इथेच काढून टाकू. 'सर, केस मुळासकट येताहेत, टोकाला पांढरा ठिपका दिसतो.' तो ठिपका म्हणजे मूळ नव्हे. विश्रांती संपवून गळणाऱ्या केसाचं खालचं टोक असंच फुगीर आणि पांढरं असतं. मूळ खाली कातडीत आहे.

शाम्पू आणि कुंभाराचं गाढव

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा एक बाई आहेत. जानेवारीत त्यांनी कडक डाएट सुरू केलं. मार्चअखेर ८४ किलोवरून ७० किलोवर आल्या. मार्चमध्ये त्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या, तिथे बोअरचं पाणी. एप्रिलमध्ये केस गळायला लागले. बाई काय म्हणतील? 'बोअरच्या पाण्याने केस गेले.' मग शाम्पू बदलला, फरक नाही. जुलैत नणंदेनं माक्याचं तेल दिलं. सप्टेंबरमध्ये गळणं थांबलं. आता बाई काय म्हणतील? 'तेलाने गुण आला.' आणि दहा जणींना ते तेल सांगतील, अगदी प्रामाणिकपणे.

आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. संस्कृतात काकतालीय न्याय. न्यायदर्शनातल्या मंडळींनी याचा फार बारकाईने विचार केला. ते म्हणाले, एखादी गोष्ट आधी घडली एवढ्यावरून ती कारण ठरत नाही. ती प्रत्येक वेळी आधी असायला हवी, आणि तिच्यावाचून काम अडायला हवं. उदाहरण त्यांनी कुंभाराच्या गाढवाचं दिलं. घट घडण्याआधी माती आणणारं गाढव तिथे होतं, हे खरं. म्हणून गाढव घटाचं कारण का? नाही. माती गाडीतून आणली असती, डोक्यावरून आणली असती, तरी घट झालाच असता. अशा गोष्टीला त्यांनी 'अन्यथासिद्ध' म्हटलं. म्हणजे तिच्याशिवायही ज्याचं काम भागतं, अशी.

तर बाईंच्या गोष्टीत बोअरचं पाणी हे गाढव आहे. माक्याचं तेलही गाढवच आहे, फक्त आवडतं गाढव. (हशा) बाळंतिणीचं पाणी वेगळं, टायफॉइडवाल्याचं वेगळं, ऑपरेशनवाल्याचा शाम्पू वेगळा. सगळ्यांत सारखं काय? शरीराला बसलेला धक्का, आणि त्यानंतरचं दोन-तीन महिन्यांचं अंतर. बाईंचे एप्रिलमध्ये पडलेले केस जानेवारीतच विश्रांतीला गेले होते. फ्लॅट मार्चमधला. मार्चमधली गोष्ट जानेवारीचं कारण कशी होणार?

म्हणून एक साधा नियम लक्षात ठेवा. केस गळायला लागले की काल काय केलं ते आठवू नका. कॅलेंडर तीन पानं मागे उलटा. ताप आला होता का? जेवण एकदम तोडलं होतं का? वजन आठवड्याला एक किलोपेक्षा वेगाने उतरत होतं का? नवं औषध सुरू केलं का? कारण बहुधा तिथे सापडेल. आणि उपायाचं उलट आहे. आज सुरू केलेल्या गोष्टीचा परिणाम तीन ते सहा महिने पुढे दिसणार. गळणं साधारण सहा महिन्यांत आपोआप कमी होतं. त्यामुळे चौथ्या-पाचव्या महिन्यात जो कोणी बाटली घेऊन येईल, त्याला यशाचं श्रेय फुकट मिळतं. सगळी जाहिरात या अंतरावर जगते.

शरीर केसच का सोडतं?

केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या फार वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्यांना सतत कच्चा माल लागतो. केस हा मुख्यतः केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला आहे. दुष्काळात शेतकरी पाणी आधी दावणीच्या जनावरांना देतो, दारातल्या मोगऱ्याला नाही. शरीराचं तसंच. हृदय, मेंदू, यकृत आधी. केस शेवटी. ही अर्थात बोलण्याची पद्धत झाली, शरीर कुठे बैठक घेत नाही. पण हिशेब असा पडतो खरा.

म्हणजे वजन कमी होणं हा एकटा दोषी नाही. ते किती वेगाने झालं आणि त्या काळात पोटात काय गेलं, याला महत्त्व आहे. सकाळी चहा आणि फळ, दुपारी एक पोळी, भाजी, काकडी, रात्री सूप. हे दिसायला सात्त्विक आहे, पण यात प्रथिनं जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन हवं. सत्तर किलोच्या माणसाला सुमारे अठ्ठावन्न ग्रॅम. वजन उतरवताना आहारतज्ज्ञ सहसा त्याहून थोडं जास्तच सांगतात.

वजनासाठी केलेल्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरही हे पुष्कळांत दिसतं, कारण खाणं एकदम कमी होतं आणि पोषक द्रव्यं शोषून घेणंही कमी होतं. आणि हल्ली इंजेक्शनं आली आहेत, त्यांचं पुढे प्रश्नोत्तरांत बोलू.

मग करायचं काय?

पहिलं, वेग कमी करा. वजन उतरवणं सोडू नका, पण आठवड्याला अर्धा ते एक किलो एवढ्यावर ठेवा.

दुसरं, ताटात प्रथिन आणा. एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा ग्रॅमच्या आसपास, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम. वरण म्हणजे वरण बरं का, वरचं पिवळं पाणी नव्हे. उसळ, पिठलं, सोयाबीन, मासे, दही, जे घरात चालतं ते. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र प्रथिन डॉक्टरांना विचारूनच वाढवावं.

तिसरं, तपासणी. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. कोणत्या हव्यात ते तुमचे डॉक्टर ठरवतील. मासिक पाळी चालू असलेल्या आणि शाकाहारी स्त्रियांनी फेरिटिनबद्दल आवर्जून विचारावं. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. घरी डबा भरलेला दिसतो, कोठीत धान्य नाही, असं. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह कमी शोषलं जातं; लिंबू पिळलं तर जास्त. एवढं तर आजपासून करता येईल.

चौथं, गोळ्या अंदाजाने खाऊ नका. 'अ' जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर केस उलट गळतात. बायोटिनचा एवढा बोलबाला आहे, पण त्याची खरी कमतरता क्वचितच असते. शिवाय जास्त मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तशी सूचना दिली आहे. घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

पाचवं, त्वचारोगतज्ज्ञाकडे केव्हा जायचं? केस सगळीकडून सारखे विरळ न होता नाण्याएवढे गोल चट्टे पडले, ज्याला आपण चाई म्हणतो. भांग दिवसेंदिवस रुंद होत चालला किंवा कपाळ मागे सरकलं. डोक्याला खाज, खवले, दुखणं असेल. किंवा सहा महिन्यांनंतरही गळणं थांबत नसेल, तर वाट पाहू नका. कधी कधी आनुवंशिक विरळपणा आधीपासून लपलेला असतो आणि या गळतीत तो उघडा पडतो. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि लवकर सुरू केलेले बरे.

तेल लावायचं का? लावा की. डोकं शांत वाटतं, केस गुंतत नाहीत, तुटत नाहीत. हलक्या हाताने लावा. तेलाला तेलाचं काम करू द्या, आहाराचं काम त्याच्यावर टाकू नका.

विरळ म्हणजे नेमकं किती?

इथे मला ग्रीक तत्त्वज्ञ युबुलिडीसची आठवण होते. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला. त्याच्या नावावर एक कोडं आहे, टकल्या माणसाचं. भरपूर केस असलेल्या माणसाचा एक केस काढला, तो टकला झाला का? नाही. आणखी एक काढला? नाही. असं करत गेलं तर कुठल्या केसाला तो टकला होतो? उत्तर सापडत नाही, कारण 'टक्कल' या शब्दाला काटेकोर सीमाच नाही.

हे कोडं आपल्या कामाचं आहे. रोज सकाळी गळलेले केस मोजत बसणारी माणसं आहेत. आज एकशे चाळीस, काल एकशे वीस. या मोजण्यातून काहीही निष्पन्न होत नाही, काळजी मात्र वाढते. आठवड्यातून एकदा न्हालं तर त्या दिवशी आठवड्याचे केस एकदम निघणारच. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात, मधोमध भांग पाडून एक फोटो काढा. तीन फोटो झाले की तुलना करा. कपाळाशी छोटे छोटे, उभे राहणारे केस दिसायला लागले की समजा, पेरणी झाली आहे.

लांब केसांच्या बायकांसाठी एक गणित आणखी. महिन्याला एक सेंटिमीटर, म्हणजे तीस सेंटिमीटर व्हायला अडीच वर्षं. म्हणजे टाळू भरलेली सहा महिने ते वर्षभरात दिसेल, पण वेणीचा शेपटा पुन्हा जाड व्हायला दोन-तीन वर्षं लागतील. वेणी बारीक आहे याचा अर्थ केस अजून गळताहेत असा होत नाही. हवं तर तोवर केस जरा आखूड ठेवा, भरदार दिसतात. गंगावन लावायचं असेल तर घट्ट ओढून बांधू नका. ओढीनेही केस जातात.

'केसच तर आहेत'

आता घरच्यांसाठी दोन शब्द. 'एवढं काय, केसच तर आहेत' असं आपण पटकन म्हणतो. पण केसांना समाजाने किती अर्थ चिकटवलाय ते आठवा. याच महाराष्ट्रात विधवेचं केशवपन करत असत. केस काढून घेणं म्हणजे तिचं माणसांत मिरवणं काढून घेणं, हे करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. १८९० मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन हे काम करणार नाही असं ठरवलं, तेव्हा त्यांनाही ते ठाऊक होतं. मग आज एखादी मुलगी केस गळतात म्हणून रडली तर तिला उथळ कसं म्हणायचं?

आणि वजन उतरवलेल्या माणसाला तर दुहेरी मार बसतो. 'काय हो, एवढे खंगलात? शुगर निघाली का? केसही गेले!' ज्या गोष्टीसाठी शाबासकी मिळायची ती आजारासारखी दिसायला लागते. अशा वेळी कुटुंबाने एवढंच करावं. वजन उतरवण्याचं कौतुक आधी करावं, आणि केसांबद्दल विचारलं तरच बोलावं. फुकट सल्ल्यांची बाटली उघडू नये.

श्रोत्यांचे काही प्रश्न

'वजनाचं इंजेक्शन चालू आहे. केसांसाठी बंद करू का?'

स्वतःच्या मनाने बंद करू नका. सेमाग्लुटाइडच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे तिघांनी केस गळण्याची तक्रार केली, आणि औषध नसलेली सुई घेणाऱ्यांपैकी सुमारे एकाने. टिर्झेपटाइडमध्ये चार-पाच, आणि तिथे स्त्रियांत जास्त. हा परिणाम वजन उतरण्याशी जोडलेला दिसतो. या औषधांनी भूक मरते, त्यामुळे जेवण आपोआप निम्मं होतं आणि प्रथिनं सगळ्यांत आधी सुटतात. म्हणून डॉक्टरांना सांगा, मात्रा वाढवण्याचा वेग कमी करता येतो का ते विचारा, आणि जेवायला बसल्यावर पहिला घास उसळीचा, अंड्याचा, पनीरचा घ्या. पोट भरलंच तर भात राहू द्या.

'मुंडण केलं तर केस दाट येतात का?'

नाही. वस्तरा कातडीच्या वरचा केस कापतो, रोमकूपाला त्याचा पत्ताही लागत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला जाड लागतं, एवढंच. श्रद्धेने मुंडण करायचं असेल तर अवश्य करा, पण केसांचा उपाय म्हणून नको.

'माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. सव्वीस किलो वजन कमी केलं, आता केसांमुळे बाहेर पडत नाही. आणि जेवायलाही घाबरते, वजन परत वाढेल म्हणून. काय सांगू?'

या प्रश्नातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ती जेवायला घाबरत असेल तर ते केसांपुरतं राहिलेलं नाही. तिला आहारतज्ज्ञाकडे आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडेही घेऊन जा, ते लाजिरवाणं मुळीच नाही. कमी खाल्ल्याने केस गळतात, केस गळतात म्हणून मन खचतं, मन खचलं की जेवण आणखी कमी. हे चक्र ताटापाशीच तोडावं लागतं. तिला कॅलेंडर दाखवा. आज जे केस पडताहेत ते तीन महिन्यांपूर्वीच्या उपाशीपणाचे आहेत, आणि आज ती जी वाटीभर उसळ खाईल तिचे केस तीन-चार महिन्यांनी कपाळाशी दिसतील. तिच्याबरोबर तुम्हीही ताट घेऊन बसा.

बरं, वेळ झाली. थांबतो.